जनीच्या चुलीतलं पुस्तक

पहिला प्रश्न नेहमी आवडत्या रंगाचा असतो. सावित्रीताई त्याला 'आकाशी' असं उत्तर देत. खरं तर त्यांना कुठलाच रंग एवढा लाडका नव्हता. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी कुठल्याशा शाळेत तोंडातून 'आकाशी' निघून गेलं, ते छापून आलं आणि मग जन्माचं चिकटलं. आवडता पदार्थ उकडीचे मोदक, आवडता विषय मराठी, आवडता ऋतू पावसाळा. मोदकाचं म्हणाल तर त्यांना दुसऱ्यालाच कंटाळा येई. जीव होता तो तांदळाच्या भाकरीवर आणि निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्यावर. शाळेत गोडी होती गणिताची. पण मुलांच्या लेखिकेला गणित आवडतं म्हटलं की मुलांआधी शिक्षकांचेच चेहरे पडतात, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या. लोकांना एकदा आवडलेलं उत्तर माणसानं बदलू नये. बदललं की समजावत बसावं लागतं, आणि बासष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, एवढा उत्साह आणायचा कुठून?

सगळ्यात मोठी थाप वाचनाबद्दलची होती. रोज चार पानं वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, असं त्या प्रत्येक शाळेत सांगत. इकडे रत्नागिरीत माळनाक्यावरच्या त्यांच्या घरात पुस्तकांनी भरलेली तीन कपाटं होती आणि गेल्या दोन वर्षांत त्यांचं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं नव्हतं. चौथ्या-पाचव्या पानावर मन उठून जाई. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत असं सांगितलं तेव्हा तर त्यांना वाईटच वाटलं. डोळ्यांवर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं. एकतीस पुस्तकं लिहिलेल्या बाईला वाचायचा कंटाळा येतो, हे सांगायचं कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणायचं आणि पुढच्या शाळेत जायचं.

अशा ह्या सावित्रीताईंना गुरुप्रसाद सरांनी चार वेळा फोन केला. पालीच्या पुढे आत वळलं की डोंगराच्या कुशीत भोकरवाडी नावाचं गाव लागतं. तिथल्या शाळेत हे तरुण सर सातवीला शिकवत. ह्याच शाळेत सावित्रीताई लहानपणी शिकल्या होत्या आणि त्यांचे वडील, भिकाजी गुरुजी, तिथेच हेडमास्तर होते. मग वडिलांची बदली झाली, बिऱ्हाड रत्नागिरीला आलं, आणि त्यानंतर पन्नास वर्षांत ताईंनी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. आमंत्रणं येत, कधी प्रकृती आडवी येई, कधी कुणाचं तरी नसलेलं लग्न. चौथ्या फोनला मात्र नवं कारण सुचेना. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. त्या हो म्हणून बसल्या.

ऑक्टोबरच्या उन्हात सर स्वतःची गाडी घेऊन न्यायला आले. वाटेत ते उत्साहानं सांगत होते. 'ओळखा आपल्या लेखिकेला' अशी वीस प्रश्नांची परीक्षा त्यांनी सातवीच्या मुलांची घेतली होती. उत्तरं ताईंच्याच मुलाखतींतून आणि त्यांच्या आठवणींच्या पुस्तकातून काढली होती. पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी आता तालुक्याच्या स्पर्धेला जाणार होती. ताईंनी 'वा' म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. भात पिवळं झालं होतं, जागोजाग कापणी सुरू होती, आणि त्यांना नुसती झोप येत होती.

शाळेची इमारत नवी होती. गुलाबाचं फूल झालं, स्वागतगीत झालं, शाल झाली. मग त्या भाषणाला उभ्या राहिल्या. भाषण पाठच होतं. तोंड बोलत राहायचं आणि मन घरी पोचलेलं असायचं. आमचे वडील हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवत नसत. मला वाचनाची गोडी लागली ती त्यांच्यामुळे. मग नेहमीच्या जागी नेहमीचा किस्सा आला. आमच्या शाळेत झाडलोट करायला एक बाई होत्या. एकदा तपासणीत एक पुस्तक कमी भरलं. बाईंना विचारलं, तर म्हणतात कशा, "मी चुलीत घातलाय. कागद सुका व्हता, बेस पेटला."

इथे मुलं हसतात. तीस वर्षं, ताई जातील तिथे हसली होती. भोकरवाडीतही हसली, पण हसता हसता सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. तिसऱ्या रांगेत दोन वेण्या घातलेली एक किडकिडीत मुलगी जमिनीकडे बघत बसली होती. मागून कुणीतरी हळूच 'चूल' म्हणालं. सरांनी डोळे वटारले तसं हसू दबलं.

सवयीनं बोलणाऱ्या माणसाची जीभ गाव बघत नाही. हा किस्सा सावित्रीताईंनी चिपळूणला सांगितला होता, पुण्याला सांगितला होता. भोकरवाडीत सांगायचा नव्हता. पुढचं भाषण त्यांनी कसंबसं गुंडाळलं आणि खुर्चीवर बसून दोन भांडी पाणी प्यायल्या.

मग बक्षिसं झाली. संस्कृती नावाच्या मुलीला वीसपैकी वीस. दुसरं बक्षीस सानवीला, वीसपैकी एकोणीस. सानवी म्हणजे तीच, तिसऱ्या रांगेतली. पुस्तकाबरोबर उत्तरपत्रिकाही हाती द्यायची होती. ताईंनी सहज तिच्यावरून नजर फिरवली. रंग आकाशी, बरोबर. पदार्थ मोदक, बरोबर. सतराव्या प्रश्नावर लाल फुली होती. प्रश्न असा होता: लेखिकेच्या शाळेतील हरवलेल्या पुस्तकाचे काय झाले? सानवीनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'ते पुस्तक चुलीत घातलेले नाही. माझ्या पणजीने मला खरे सांगितले आहे.'

ताईंनी तो कागद मुलीच्या हाती दिला. मुलीनं वाकून नमस्कार केला, पण वर बघितलं नाही.

झाडलोट करणाऱ्या त्या जनीनं पुस्तक जाळलं नव्हतं, हे जगात दोघींनाच माहीत आहे. आणि त्यातली एक केव्हाच गेली असणार, असं सावित्रीताई इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. चौकशी मात्र त्यांनी कधी केली नव्हती.

भिकाजी गुरुजींचं पुस्तकांवर प्रेम होतं, यात खोटं काही नाही. इतकं प्रेम होतं की त्यांनी ती कधी कुणाला वाचू दिली नाहीत. कपाटात दीडशे पुस्तकं. प्रत्येकाला खाकी कव्हर, पाठीवर नंबर, रजिस्टरात नोंद. एक जरी हरवलं तर जबाबदार हेडमास्तर. म्हणून पुस्तकं वर्षातून एकदा, तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी बाहेर निघत. मुलांच्या हाती एकेक दिलं जाई, साहेब 'मुले वाचतात' असा शेरा लिहीत, आणि साहेबांची जीप वळली की पुस्तकं गोळा करून पुन्हा कुलूप. त्या काळी बऱ्याच शाळांतून हीच रीत होती आणि कुणाला तिच्यात वावगं वाटत नसे. हेडमास्तरांच्या मुलीलाही सवलत नव्हती. उलट तिच्या हातातलं पुस्तक आधी काढून घेतलं जाई.

जनी त्या शाळेत झाडलोट करी आणि पाणी भरी. तिला अक्षर येत नव्हतं. एका तपासणीला सावित्रीच्या हातून अर्धी वाचलेली गोष्ट ओढून घेतली गेली, तेव्हा पोरीचा चेहरा तिनं पाहिला. त्याच शनिवारी तिनं तेच पुस्तक केराच्या टोपलीत घालून घरी आणलं आणि सावित्रीला आपल्या गोठ्यात बोलावलं. अट एकच, मोठ्यानं वाचायचं. सोमवारी सकाळी पुस्तक गुपचूप कपाटात परत. अशी सोळा पुस्तकं झाली. भाकरी आणि भाजलेला बांगडा पुढ्यात ठेवून जनी ऐके आणि मधेच थांबवी. राजा लढाई जिंकून घरी आला की विचारी, "नि घोडा? त्याला पानी दिलान का कोनी?" पुस्तकात ते नसायचं. मग सावित्री आपल्या मनचं काहीतरी सांगायची.

पुढे सावित्रीताईंनी लिहिलेली एकतीस पुस्तकं ह्या एका प्रश्नावर उभी राहिली. राजाचा घोडा, वरातीतला बत्तीवाला, तापामुळे सहलीला न गेलेली मुलगी, अशी गोष्टींनी मागे टाकलेलीच मंडळी त्यांच्या गोष्टींत आली. जाणकारांनी त्याला लेखिकेची खास दृष्टी म्हटलं, पुरस्कार दिले. ती दृष्टी उसनी आहे हे ताईंना दर वेळी ठाऊक असे आणि दर वेळी त्या हसून हार घालून घेत.

सतरावं पुस्तक गलबतावरच्या खलाशांचं होतं, चांगलं जाडजूड. एका शनिवारी ते संपेना, म्हणून सावित्रीनं हट्टानं दप्तरात घालून घरी नेलं. सोमवारी साहेब न कळवता आले. पुस्तक कमी भरलं. कपाटाच्या किल्लीपर्यंत जनीचा हात पोचत असे, म्हणून वडिलांनी जनीला उभं केलं. सावित्री दारात होती आणि पुस्तक घरी तांदळाच्या कणगीत. जनीनं एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि ते चुलीचं उत्तर दिलं. अडाणी बाईकडून सगळ्यांची अपेक्षाच तशी असल्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही. तिचं काम सुटलं. सावित्रीनं संध्याकाळी ते पुस्तक परकराखाली लपवून नेलं आणि श्रावणातल्या भरल्या पऱ्यात, म्हणजे गावाच्या ओढ्यात, सोडून दिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी लहान मूल म्हणून सोडून देता आलं असतं. पण वडील गेल्यावर शोकसभेत बोलताना वातावरण फार जड झालं, तेव्हा ताईंनी पहिल्यांदा तो चुलीचा किस्सा सांगितला. लोक डोळे पुसत हसले. नंतर दोघांनी येऊन सांगितलं, काय सुंदर आठवण सांगितलीत. मग ती आठवण छापून आली. तेव्हा तर त्या लहान नव्हत्या, बत्तीस वर्षांच्या होत्या.

कार्यक्रमानंतर सरांनी चहा-पोहे मांडले. ताईंनी आवाज शक्य तितका साधा ठेवून सानवीची चौकशी केली. सर म्हणाले, हुशार आहे, पण हट्टी. जनीआजीची पणती. त्या घरातल्या कुणाला कधी मार्क कमी पडले की गाव विचारतं, पुस्तकं चुलीत गेली काय रे? मुलीच्या बापालाही शाळेत हेच ऐकावं लागलं होतं, तो नववीत शाळा सोडून मुंबईला गेला. परीक्षेनंतर सानवी सरांशी भांडली होती. सरांनी तिला विचारलं होतं, की पुस्तकात लेखिकेनं स्वतः लिहिलंय ते खरं, की तुझ्या म्हातारीचं? हे सांगून सर हसले.

म्हणजे जनी अजून होती. ताईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"तिला तेवढा एक मार्क द्या," त्या म्हणाल्या.

"देतो की. तुम्ही म्हणताय म्हटल्यावर देतो." सरांनी खिशातून पेन काढलं. "फक्त बरोबर उत्तर काय लिहू, मॅडम? म्हणजे पुढच्या वर्षीही तेच ठेवता येईल."

किती सरळ प्रश्न होता. एका वाक्याचं उत्तर होतं, आणि समोर एकच माणूस. पण पन्नास वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरवायचं म्हटलं की तेही जड होतं. वडिलांचं नाव डोळ्यांपुढे आलं, आठवणींच्या पुस्तकाच्या चार आवृत्त्या आल्या, आणि मग सगळ्यांवर मात करून तो ओळखीचा थकवा आला. ताईंनी चहा संपवला. राहू दे आत्ता, म्हणाल्या. आणि मला जरा त्या जनीबाईंच्या घरी न्याल का, असं विचारलं.

मनाशी त्यांनी ठरवलं ते असं: म्हातारीजवळ बसायचं, तिचा हात हातात घ्यायचा, हळूच कानात माफी मागायची. ती काही गावात सांगत बसणार नाही, इतकी वर्षं कुठे सांगितलं? सानवीला खरं काय ते पणजीनं आधीच सांगितलंय. पाचपर्यंत माळनाक्याला परत. सगळं आपसात, शांतपणे. थकलेल्या माणसाला वाटते तशी ही सोयीची माफी होती.

जनीचं घर वरच्या आळीला होतं. सानवी दप्तर घेऊन पुढे चालली, मागून सर नारळ आणि शिल्लक राहिलेली शाल घेऊन. शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. पाच-सहा बाया-पुरुष पेंढ्या फळीवर आपटत होते. अंगणात बाजेवर जनी बसली होती, वाळून एवढीशी झालेली. सानवीनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, भिकाजी गुरुजींची सावित्री आली आहे.

सावित्रीताई खाली वाकल्या. "काकी," त्या हळूच म्हणाल्या, "ते पुस्तक मी नेलं होतं."

जनीनं कानामागे हात धरला. "मोठ्यान बोल गो बाय. माज्या कानांचा आता काय खरा नाय."

ताई थोड्या मोठ्यानं बोलल्या. जनीनं मान हलवली. सानवी म्हणाली, "तिला ओरडूनच सांगावं लागतं. म्हणजे अगदी ओरडून."

ताईंनी मागे पाहिलं. सर फाटकाशी उभे होते. खळ्यावरच्या एका बाईनं पेंढी हातात तशीच धरली होती. इथून उठून जाता आलं असतं. नारळ ठेवायचा, शाल घालायची, फोटो काढायचा. पन्नास कार्यक्रमांत केलं तेच. सानवी त्यांच्याकडे बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं मान वर केली होती.

सावित्रीताई दम घेऊन ओरडल्या, "तू पुस्तक जाळलं नव्हतंस, काकी. ते माझ्याकडे होतं. मी घाबरले आणि पऱ्यात टाकलं. तू माझ्यावरचं बालंट अंगावर घेतलंस. आणि मी तीस वर्षं गावोगाव सांगत फिरले, की तू जाळलंस म्हणून. मी खोटं बोलले."

झोडणी थांबली होती. एवढं लांबलचक सत्य त्यांनी आयुष्यात एका दमात सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते सगळ्या आळीला. सरांच्या हातातला नारळ तसाच राहिला. सानवी पुढे आली आणि पणजीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. ताईंचा घसा सोलून निघाला होता. आता म्हातारी रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा पोटाशी धरेल. काहीही झालं तरी घ्यायचं, असं म्हणून त्या उभ्या राहिल्या.

जनीला त्यात नवल वाटलं नाही. "त्या मना ठाव हाय," ती म्हणाली. "मीच तं सांगितलंय तुज्या बापसाला, चुलीत घातलाय म्हनून. माजा मना ठाव नसंल? लोकांचा काय, लोक बोलतात. बोलून गप ऱ्हातात." मग तिनं ताईंकडे नीट पाहिलं. "पन मंग तू आलीस नाय गो."

ताईंना आधी कळलंच नाही.

"शनवारी," जनी म्हणाली. "मी गोठ्यात पाट टाकून बसायची. म्हटला, पुस्तक नसंल तं नसंल, तोंडचा सांगंल. शिमग्यापातूर बसलंय मी. मंग बसायची सोडलंय."

इतकी वर्षं सावित्रीताईंनी अपराध मोजला होता तो भलताच. नोकरी, चूल, गावाचं हसणं, ह्यांचाच हिशोब त्या मनात घोळवत होत्या. श्रावण ते शिमगा, दर शनिवारी गोठ्यात कुणी वाट बघत बसलं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. एकतीस पुस्तकांत त्यांनी सगळ्या विसरलेल्यांना जागा दिली होती.

त्यांचा आवाज बसला होता. "तुझ्यासारखं ऐकणारं मला परत कुणी भेटलं नाही, काकी," त्या पुटपुटल्या. बोलून झाल्यावर त्यांना कळलं, की गेली दोन वर्षं चौथ्या पानावर मन का उठून जातं.

जनीला काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिनं सानवीकडे पाहिलं. "काय म्हनते?"

सानवीनं पणजीच्या कानाशी तोंड नेलं आणि ते वाक्य शब्दाला शब्द ओरडून सांगितलं. खळ्यावरच्यांनीही ऐकलं.

जनीनं ऐकून घेतलं. पदरानं तोंड पुसलं.

"मंग येवाचा व्हतास," ती म्हणाली.